स्लीप ॲप्निया: मशीन आलं, आकडा उतरला, पण साखरझोप कुठे आहे?

ओसरी | ५ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, वय ५२. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळंच सांगतो.

ऑगस्टमध्ये माझी झोपेची तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, नाकाखाली नळी लावून घरीच झोपायचं होतं. रिपोर्ट आला: एएचआय ४१. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ४१ वेळा माझा श्वास बंद पडतो किंवा अर्धामुर्धा होतो, आणि दर खेपेला कमीत कमी १० सेकंद. पाचच्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, तिसाच्या वर तीव्र, असं डॉक्टरांनी समजावलं. रक्तातला ऑक्सिजन ७६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. बायकोला यातलं काहीच नवीन नव्हतं. दोन वर्षं ती रात्री मला कुशीवर ढकलून श्वास चालू करून देत होती आणि सकाळी सहाला उठून डबे करत होती. मी मात्र घोरणं म्हणजे गाढ झोप असंच धरून चाललो होतो.

तपासणीला गेलो ते एका प्रसंगामुळे. जुलैत मुंबईहून परतताना कसारा घाट चढून आलो आणि इगतपुरीच्या पुढे सरळ रस्त्यावर डोळा लागला. टायर कडेच्या खडीवर गेला, त्या आवाजाने जागा झालो. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती.

सप्टेंबरपासून सीपॅप मशीन वापरतोय, म्हणजे नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. ऑटो आहे, दाब ४ ते २० च्या मध्ये आपोआप कमीजास्त होतो. रोज सकाळी स्क्रीनवर एएचआय २ च्या आसपास दिसतो. पण मला बरं वाटत नाहीये! डोकं जड, अकरा वाजता ऑफिसात पेंग, संध्याकाळी चिडचिड. आकडा उतरला, तर झोप कुठे अडली? डॉक्टरांची पुढची वेळ या महिन्याच्या मध्यावर आहे, त्यांना विचारीनच. पण रोज रात्री हे नाकावर बांधून झोपणाऱ्यांकडून ऐकायचंय. तुम्ही कसं जमवलंत?

सह्यवेडा | ५ डिसेंबर, रात्री ११:१५

मला सहा वर्षं झाली, ओसरी. पहिले तीन महिने मीही ते मशीन माळ्यावर टाकायच्या बेतात होतो. आधी एक सांगा, तास किती भरतात? एएचआयच्या आसपासच वापराचे तासही दिसतात.

दुसरं, मास्कची सवय झोपताना लावायला जाऊ नका. संध्याकाळी बातम्या बघत खुर्चीत बसून लावा. आधी नुसता मास्क, नळी न जोडता. दोन दिवसांनी हवा चालू करून. नाकावर काहीतरी आहे याची भीती मनाला वाटते, ती जागेपणीच घालवावी लागते. मला आठ दिवस लागले.

धोपट | ६ डिसेंबर, सकाळी ७:०५

स्पष्ट बोलतो, राग नसावा. मशीन म्हणजे कुबडी. वजन उतरवा, संध्याकाळी सातला जेवा, अनुलोम-विलोम करा, रात्रीचं 'बसणं' असेल तर बंद करा. माझं घोरणं १४ किलो उतरल्यावर थांबलं. पन्नास-साठ हजारांचं यंत्र घेऊन जन्मभर नळीला बांधून घेण्यापेक्षा रोज तासभर चालणं काय वाईट?

सह्यवेडा | ६ डिसेंबर, सकाळी ९:३०

धोपट, वजनाचं म्हणणं खरंच आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बरीच वर्षं चाललेल्या पाहणीत दिसलं होतं की वजन १० टक्के कमी झालं तर एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरतो. पण ४१ मधून २६ टक्के गेले तरी ३० उरतातच ना? आणि वजन उतरायला सहा महिने, वर्ष लागणार. तोवर रोज रात्री श्वास कोंडू द्यायचा?

शिवाय माझं वजन ६१ किलो आहे. वर्षाला सहा-सात गड चढतो. माझा खालचा जबडा मूळचाच मागे आहे, त्यामुळे उताणं झोपलं की जीभ घशात जाते. मी काय उतरवू? हा आजार फक्त जाड माणसांचा, या समजापायी माझं निदान चार वर्षं लांबलं. डॉक्टर बघायचे आणि म्हणायचे, तुम्हाला कसला ॲप्निया!

तिन्हीसांज | ६ डिसेंबर, दुपारी १:५०

मी पलीकडच्या उशीवरून लिहितेय. आजार यांना आहे.

घोरण्याचा त्रास व्हायचा, पण घोरण्याची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती घोरणं थांबलं की. एकदम सामसूम. मी अंधारात मनात आकडे मोजायचे. पंधरा, वीस, पंचवीस. मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास यायचा आणि पुन्हा घोरणं सुरू. ते आलं की मला हायसं वाटायचं. अशी अकरा वर्षं.

मशीन आलं त्या पहिल्या रात्री आवाजच नाही. नुसता हवेचा बारीक सूं. मी तीनदा उठून छातीवर हात ठेवून बघितलं. चौथ्यांदा हात ठेवला तेव्हा हे झोपेतच हसले.

ओसरी, वहिनींना विचारा, तुम्ही रात्री मास्क काढता का. तुम्हाला आठवणार नाही, त्यांना माहीत असेल.

ओसरी | ६ डिसेंबर, रात्री ९:२०

तिन्हीसांज ताई, तुमचं लिहिलेलं घरी वाचून दाखवलं. बायको काहीच बोलली नाही, उठून पाणी प्यायला गेली.

मग तिने सांगितलं. मी रोज तीनच्या सुमाराला लघवीला उठतो, आणि परत आल्यावर मास्क लावतच नाही. कधीकधी तर उठायच्या आधीच झोपेत ओढून काढतो. सकाळी तो उशीखाली सापडतो हे मला ठाऊक होतं, पण वाटायचं उठायच्या जरा आधी निघाला असेल.

सह्यवेडा, तास बघितले. सरासरी ४ तास १० मिनिटं. झोपतो अकराला, उठतो साडेसहाला.

शून्य_एक | ६ डिसेंबर, रात्री १०:०५

सापडलं बहुतेक!

मशीनमध्ये एसडी कार्ड असेल तर ते संगणकात घाला. 'ऑस्कर' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रात्रीचा पूर्ण आलेख दिसतो. दाब कधी वाढला, हवा किती गळली, श्वास कुठे थांबला, सगळं मिनिटागणिक. स्क्रीनवरचा एकच आकडा बघून काही कळत नाही. कार्ड काढताना त्यावरचं छोटं कुलूप बंद करा, म्हणजे संगणक त्यात लुडबुड करणार नाही.

अबोली_के | ७ डिसेंबर, सकाळी ११:४०

मी मुंबईत झोपेच्या तपासणी केंद्रात टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, पण रात्री जागून माणसांच्या झोपेचे आलेख बघणं हेच माझं काम.

ओसरी, मशीनवरचा एएचआय फक्त मास्क लावलेल्या तासांचा असतो. मास्क काढल्यानंतर तुमचा श्वास किती वेळा थांबला हे मशीनला कळायला मार्गच नाही. तुमचा २ हा आकडा अकरा ते तीनचा. तीन ते साडेसहा तुम्ही पुन्हा ४१ वरच आहात, कदाचित त्याहूनही वर.

वर का, तेही सांगते. झोप रात्रभर एकसारखी नसते. सुरुवातीच्या तासांत गाढ झोप जास्त असते आणि स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, पहाटेकडे साठत जाते. रेममध्ये शरीराचे स्नायू ढिले पडतात, घशाचेही. त्यामुळे पुष्कळ लोकांचा घसा याच वेळी जास्त मिटतो. आमच्याकडे पडद्यावर हे रोज दिसतं. रात्री दोनपर्यंत बऱ्यापैकी चाललेला माणूस पहाटे चारला ऑक्सिजनच्या पायऱ्या धडाधड उतरायला लागतो. आपण जिला साखरझोप म्हणतो, तीच वेळ. तुम्ही नेमकी तीच मास्कशिवाय काढताय.

लघवीचंही ऐका. श्वास कोंडला की छातीत ताण येतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ओढ पडते आणि त्यातून असं संप्रेरक सुटतं की मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. कित्येक पुरुष वर्षानुवर्षं प्रोस्टेटच्या नाहीतर साखरेच्या संशयाने फिरत राहतात. ते तपासावंच, पण श्वास नीट झाला की रात्रीच्या फेऱ्या बऱ्याच जणांच्या कमी होतात.

परसबाग | ७ डिसेंबर, दुपारी ४:१०

अबोली, हे वाचून अंगावर काटा आला. मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

मी ५८ वर्षांची, कोल्हापूर. मी घोरत नव्हते, निदान कुणाला जाणवेल इतकं नाही. पाळी गेल्यानंतर झोप तुटायला लागली, सकाळी डोकं ठणकायचं, दिवसभर अंगात जीव नसायचा. सगळे म्हणाले वयाचं आहे. मग म्हणाले मनाचं आहे. झोपेची गोळी सुरू झाली. गोळीने झोप लागायची, पण सकाळी आणखी वाईट वाटायचं. रक्तदाब तीन गोळ्यांनीही खाली येईना तेव्हा एका हृदयरोगतज्ज्ञाने विचारलं, झोपेची तपासणी केलीय का? एएचआय निघाला २२.

बायकांचा ॲप्निया घोरण्यातून ओळखायला गेलं तर सापडत नाही. थकवा, झोप न लागणं, उदास वाटणं असा येतो. पाळी थांबल्यावर धोका वाढतो. इथे ज्या जणी 'माझ्या मिस्टरांना' म्हणून वाचताहेत, त्यांनी स्वतःकडेही बघा.

झुपकेदार | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

मिशीवाल्यांचं काय? माझी मिशी आजोबांपासून चालत आलेली. तिच्यामुळे नाकावरचा मास्क रात्रभर फुसफुसतो. दुकानदार म्हणतो, काढा. घरात मतदान घेतलं, आई मिशीच्या बाजूने आणि बायको झोपेच्या बाजूने. निकाल लागलेला नाही.

सह्यवेडा | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:५५

झुपकेदार, मिशी वाचेल! नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क मिळतो, तो मिशीच्या वर राहतो. दाब फार जास्त लागत नसेल तर त्याच्याइतकं सुटसुटीत काही नाही. चष्मा लावून वाचताही येतं. मात्र तोंड उघडं पडत असेल तर त्याचा उपयोग नाही, हवा तोंडातून निघून जाते.

झुपकेदार | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

आईला लगेच सांगतो.

दूरदेशी | ८ डिसेंबर, पहाटे ४:४५

सिडनीहून नमस्कार. इथे सकाळ उजाडून गेलीय. हे यंत्र आमच्या गावचं, म्हणून दोन ओळी.

१९८० पर्यंत तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. सिडनी विद्यापीठातले कॉलिन सलिव्हन यांच्याकडे त्या वर्षी एक रुग्ण आला. आजार फार वाढलेला, पण गळ्याचं भोक नको म्हणत होता. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली, नाकाच्या मापाचा मास्क ओतून घेतला आणि हवेच्या दाबाने घसा उघडा धरून बघितला. रुग्ण रात्रभर झोपला. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा लेख आला. सुरुवातीचे मास्क रोज रात्री नाकावर चिकटवावे लागत. आज आपण पट्टा सैल की घट्ट यावर वैतागतो तेव्हा मला ते पहिले लोक आठवतात.

धोपट, म्हणून कुबडी हा शब्द मला पटत नाही. चष्म्याला आपण कुबडी म्हणतो का?

धोपट | ८ डिसेंबर, सकाळी ८:२०

चष्मा लावल्यावर दिसतं, हे सिद्ध आहे. मशीनने आयुष्य वाढतं हे सिद्ध आहे का? २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये 'सेव्ह' नावाची मोठी चाचणी आली होती, २,७१७ रुग्णांची. सीपॅप वापरणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात कमी झाले नाहीत. मी वाचल्याशिवाय बोलत नाही.

अबोली_के | ८ डिसेंबर, दुपारी २:३०

धोपट, तुम्ही वाचून बोलताय याचा आनंद आहे. चाचणी खरी आहे, निष्कर्षही तोच आहे. पण त्याच लेखात आणखी एक आकडा आहे. त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तास वापरलं. म्हणजे ओसरींहूनही कमी. अर्धी रात्र वापरलेल्या औषधाचा पूर्ण गुण कसा दिसणार? शिवाय त्या चाचणीत दिवसा फार पेंग येणाऱ्यांना घेतलंच नव्हतं. आणि इतक्या कमी तासांतही घोरणं, दिवसाची पेंग आणि मनाची स्थिती यांत फरक दिसला होता. ओसरींना आधी गाडी चालवताना जागं राहायचंय.

हृदयाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, हे तुमचं म्हणणं मान्य.

सांजसावली | ८ डिसेंबर, रात्री ९:४५

बप्पी लाहिरी गेले (फेब्रुवारी २०२२) तेव्हा डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया हे कारण सांगितलं होतं. आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा तेव्हा आला. बाबांनी त्याच आठवड्यात तपासणी करून घेतली.

शंखध्वनी | ९ डिसेंबर, सकाळी ६:१५

माझ्या नावावर जाऊ नका, पण विषय माझाच आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम ॲप्नियाच्या ३० रुग्णांवर सहा महिने प्रयोग केला, २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना शंख वाजवायला शिकवलं, काहींना नुसतं दीर्घश्वसन. आठवड्यातले पाच दिवस, रोज किमान १५ मिनिटं. शंखवाल्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि तासाला चार-पाच श्वासरोध कमी झाले. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली डिजरीडूवर असाच प्रयोग झाला होता, ते ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींचं लांब लाकडी वाद्य. फुंकताना घशाचे आणि जिभेचे स्नायू बळकट होतात, असा विचार त्यामागे आहे.

मी पहाटे वाजवतो. सौम्य ॲप्निया आहे, मला गुण वाटतो.

तिन्हीसांज | ९ डिसेंबर, सकाळी ८:००

पहाटे शंख वाजवल्यावर बाकीच्या बिल्डिंगच्या झोपेचं काय हो? 🙂

शंखध्वनी | ९ डिसेंबर, सकाळी ८:१०

गच्चीवर जातो, ताई. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका आता गजर लावत नाहीत.

अबोली_के | ९ डिसेंबर, सकाळी १०:२०

प्रयोग चांगला आहे, पण माणसं ३० च होती. आणि तासाला चार-पाच कमी होणं सौम्य, मध्यम लोकांना मोलाचं असलं तरी ४१ वाल्याला पुरणार नाही. मशीनच्या जोडीला करा, मशीनऐवजी नको.

लाटांवर | ९ डिसेंबर, रात्री ८:३०

दापोलीकडून. सगळे वीज आहे असं धरून बोलताहेत, म्हणून लिहितो.

निसर्ग चक्रीवादळ आलं, ३ जून २०२०, तेव्हा आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. पोफळी आडव्या, घरावर कौलं नाहीत, आणि मी रात्री बसून झोपायचो. इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशीच संपला. त्या दिवसांत शिकलो ते असं: पाणी तापवणारा ह्युमिडिफायर बंद केला तर मशीन फारच कमी वीज खातं, बॅटरी कितीतरी जास्त टिकते. उताणं झोपायचं नाही. मी मुलाचं दप्तर कपडे भरून पाठीला बांधलं, वळलो की टोचायचं. डोक्याकडून खाटेखाली दोन विटा. पूर्ण उपाय नव्हे, पण बसून काढलेल्या रात्रींपेक्षा बरं.

आता वेगळी बॅटरी ठेवलीय. पावसाळ्याआधी मी कौलं आणि बॅटरी दोन्ही तपासतो.

अजून एक विचारायचंय. ह्युमिडिफायरला मी गॅरेजमधलं डिस्टिल्ड वॉटर वापरतो, बॅटरीत घालतात ते. चालतं ना?

अबोली_के | ९ डिसेंबर, रात्री ८:५५

नको! ते बॅटरीसाठी भरलेलं असतं, श्वासातून घेण्यासाठी नाही. औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर घ्या. एखाद्या रात्री नाहीच मिळालं तर उकळून गार केलेलं घाला. नळाचं कच्चं पाणी कधीच नको. रोज सकाळी भांडं रिकामं करून वाळवा, मास्कची गादी साध्या सौम्य साबणाने धुवा. चेहऱ्याचं तेल राहिलं की मास्क घसरतो आणि हवा गळते.

ओसरी | १० डिसेंबर, रात्री १०:३०

बॅटरीच्या पाण्याबद्दल लाटांवर यांनी विचारलं ते बरं झालं, माझ्याही घरी तेच होतं. आजच बदललं.

शून्य_एक यांचं ऑस्कर मुलीने लावून दिलं. आलेख बघून वाईट वाटलं. जवळजवळ रोज पावणेतीन ते सव्वातीनच्या मध्ये रेघ तुटते, पुढे कोरा कागद. आणि तुटायच्या आधी अर्धा तास हवेची गळती डोंगरासारखी वर गेलेली. मी मास्क उगाच काढत नव्हतो. दाब वाढत होता, मास्क उचलला जात होता, डोळ्यांत हवा जात होती, म्हणून झोपेत हात जात होता.

एक गोष्ट अजून इथे लिहिली नव्हती. नोव्हेंबरात मेहुणीच्या मुलाचं लग्न झालं. लग्नघरी वर हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकलेल्या, वीस-पंचवीस माणसं. मी मशीन पिशवीतून काढलंच नाही. सगळ्यांसमोर ते तोंडावर बांधायची लाज वाटली. तीन रात्री तसाच झोपलो, आणि चौथ्या दिवशी वऱ्हाडाची गाडी मीच चालवत आणली. आता ते आठवलं की झोप उडते.

नागपुरी_संत्रं | १० डिसेंबर, रात्री ११:००

ओसरी भाऊ, लाज कशाची हो! मी भाचीच्या लग्नात लावलं. पोरं जमली, म्हणे मामा फायटर पायलट आहे. एकेकाला लावून दाखवलं. मग सासरेबुवा हळूच बाजूला घेऊन म्हणाले, जावईबापू, मलाही रात्री गुदमरल्यासारखं होते. पुढच्या महिन्यात त्यांची तपासणी केली, एएचआय ३६. पिशवीत ठेवलं असतं तर ते बोललेच नसते.

आणि आमच्याकडे मे महिन्यात कूलर चालू असला तरी नाक कोरडं ठणठणीत होते. ह्युमिडिफायर वर करा, झोपायच्या आधी सलाइनचे थेंब. नाक बंद असेल तर मास्क कितीही भारी घ्या, उपयोग नाही.

रुळावरून | ११ डिसेंबर, सकाळी ७:४०

प्रवासाचं थोडक्यात: रेल्वेत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात, त्यामुळे डब्यातल्या सॉकेटवर विसंबू नका, बॅटरी हवीच. विमानात मशीन हातात ठेवा, सामानात टाकू नका. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्निया आहे हे आधी सांगा आणि मशीन सोबत न्या. माझ्या भावाने सांगितलं नव्हतं, रिकव्हरीत धावपळ झाली.

परसबाग | ११ डिसेंबर, दुपारी १२:१५

विम्याचं कुणी विचारण्याआधीच सांगते. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत सीपॅप यंत्र न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून मिळतं, पण आधी परवानगी लागते. मी आधी दोन महिने भाड्याने घेतलं, जमतंय म्हटल्यावर विकत घेतलं. तसंच करा.

ओसरी | ४ जानेवारी, सकाळी ७:२०

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. पुढे काय झालं ते सांगतो.

१६ तारखेला डॉक्टरांकडे आलेख घेऊन गेलो. त्यांनी तो पाच मिनिटं बघितला, मग माझ्या चेहऱ्याला माप लावलं. मास्क एका मापाने मोठा होता. दुकानातून आला तसा मी घेतला होता, कुणी बसवून बघितलाच नव्हता. आणि दाब ४ पासून सुरू व्हायचा तो ७ पासून केला. ४ वर मला हवा कमी पडायची, आणि मग मशीन मागून धावत दाब वाढवायचं, त्यात मास्क उडायचा. पट्टेही मी आवळून बांधत होतो. थोडे सैल केल्यावर गळती उलट कमी झाली.

तीनचं उठणं अजून आहे, पण आठवड्यातून दोनदा. बायकोने युक्ती काढली. मास्क तसाच ठेवायचा, फक्त नळी डोक्यापाशी सुटी करून जायचं आणि आल्यावर जोडायची. पट्टे सोडायचेच नाहीत. पहिल्या आठवड्यात ती माझ्याबरोबर उठायची आणि नळी जोडून झोपायची. आता मी जोडतो.

गेल्या दहा दिवसांची सरासरी ६ तास २५ मिनिटं. अकराची पेंग गेल्या बुधवारपासून नाही. घाटातून गाडी अजून मी चालवत नाही, मुलगी चालवते.

आणि काल पहाटे स्वप्न पडलं. अबोली, तुम्ही पहाटेच्या झोपेबद्दल लिहिलंत म्हणून सांगतोय. शेवटचं स्वप्न कधी पडलं ते मला आठवत नाही, इतकी वर्षं झाली. आजोळी सिन्नरला विहिरीवर मोट चालू होती आणि आजी पाटात पाय सोडून बसली होती. आजी जाऊन तीस वर्षं झाली. उठलो तेव्हा मास्क नाकावरच होता. बायकोला उठवून सांगितलं.

तिन्हीसांज | ४ जानेवारी, सकाळी ७:५५

वहिनींना नमस्कार सांगा. त्यांनी आता पोटभर झोपावं.

धोपट | ४ जानेवारी, सकाळी ९:१०

अभिनंदन, ओसरी. मनापासून. आता रोज चालायला लागा, वजनाचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

ओसरी | ४ जानेवारी, सकाळी ९:३०

लागलोय. गोदाकाठी, सकाळी ४० मिनिटं.

झुपकेदार | ४ जानेवारी, दुपारी १:००

मास्क कोणत्या मापाचा घेतलात? मी मध्यम मागवणार होतो.

ओसरी | ४ जानेवारी, दुपारी १:२०

मला छोटा बसला. पण मागवू नका, दुकानात जा, आडवे पडून, हवा चालू करून बघा. बसल्यावर नीट वाटणारा मास्क आडवं पडलं की सरकतो. मिशी घेऊनच जा.